फडावर गेलेला फोन

दसरा झाला की आमच्या भागातली गावं हलायला लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज हे बीड जिल्ह्यातले तालुके बालाघाटाच्या डोंगरावर आणि त्याच्या उतारावर वसलेले. जमीन हलकी, पाऊस लहरी. बाजरी, कापूस, सोयाबीन पदरात पडेल तेवढं घ्यायचं आणि मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघायचं, ही इथली पिढ्यानपिढ्यांची वहिवाट. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे काही कोयते मिळून एक टोळी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धान्याची पोती, भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि तान्ही लेकरं चढतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी सीमा ओलांडून कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिल उजाडेपर्यंत, ही माणसं परत येत नाहीत.

अलीकडे त्या सामानात आणखी एक वस्तू असते. घरातला एकुलता एक स्मार्टफोन. तो न्यावाच लागतो. मुकादमाचा निरोप, उद्या कोणत्या फडात जायचं त्याचा ठिकाणा, खेपांचा हिशोब, खात्यावर आलेला पैसा, गावाकडची खुशाली, सगळं त्याच्यातच. मागे राहतात आजी-आजोबा, शाळेत जाणारी लेकरं आणि बटणाचा एक जुना फोन.

मी अशाच एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आई-वडील फडावर असताना या लेकरांची शाळा सुटू नये म्हणून आमच्याकडे हंगामी वसतिगृहं चालतात. जेवणाची सोय होते, रात्री लेकरं आजीजवळ झोपतात. पण गेल्या काही वर्षांत शिक्षणाचा मोठा हिस्सा फोनच्या पडद्याआड जाऊन बसला आहे. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. ते स्कॅन केले की २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शैक्षणिक मंचावरचे पाठ उघडतात. वाचनाचा सराव, शिष्यवृत्तीचे प्रश्नसंच, इंग्रजी शब्दांचे खेळ, सगळं ॲपमध्ये. ॲप फोनमध्ये. आणि फोन फडावर.

शाळेत संगणक मात्र होते. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला तेव्हा गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहिल्या. आमच्या गावानंही पैसे जमवले. त्यात ऊसतोडीच्या उचलीतून काढून दिलेल्या नोटा होत्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्या पैशांतून आलेले संगणक वर्गखोलीत मांडले गेले. लेकरं त्यांच्यावर चित्रं काढत, नाव टाइप करत, प्रोजेक्टरवर कविता ऐकत. पुढे शिकण्याची साधनं ॲपच्या रूपात यायला लागली आणि हे संगणक, धडधाकट असूनही, बाजूला पडत गेले. त्यांच्यात ताकद होती, पडदा मोठा होता, कळफलक होता; नव्हती ती फक्त मोबाईलच्या जगात शिरायची वाट.

ती वाट व्हर्च्युअलायझेशननं दाखवली. संगणकाच्या पोटात एक आख्खा फोन उभा करायचा आणि त्याच्यात ॲप चालवायचं, असं हे तंत्र. मोठ्या शहरात ते मुलांना बहुतेक गेम खेळण्यासाठी ठाऊक असतं. डोंगरावरच्या शाळेत त्याचा अर्थ वेगळा होतो.

हे घडतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक फोनचा प्रोसेसर एआरएम पद्धतीचा असतो आणि आपल्या टेबलावरच्या बहुतेक संगणकांचा इंटेल किंवा एएमडीचा, ज्याला एक्स८६ म्हणतात. दोघांच्या आज्ञा वेगळ्या. शिवाय ॲप एकटं जगत नाही. त्याला भोवती अँड्रॉइड लागतं, आणि अँड्रॉइडला भोवती फोन लागतो. म्हणून संगणकावर चालणारा प्रोग्रॅम सगळा फोनच रचतो. इतकी मेमरी, इतकी साठवण, स्पर्श ओळखणारा पडदा, माइक, कॅमेरा, बॅटरीसुद्धा. माउसचा क्लिक आत बोटाचा स्पर्श होऊन पोहोचतो. संगणकाचा माइक आतल्या फोनचा माइक होतो. आतली सगळी साठवण बाहेरून पाहिली तर डिस्कवरची एक भलीमोठी फाइल असते. ॲपचा बराचसा भाग अँड्रॉइड स्वतः समजून चालवतं, त्यामुळे त्याला खालचा प्रोसेसर कोणता याची फारशी पर्वा नसते. जो भाग थेट एआरएमच्या आज्ञांत लिहिलेला असतो त्याचं चालता चालता भाषांतर करावं लागतं.

यातली खरी करामत वेगाची आहे. आतल्या फोनची प्रत्येक आज्ञा एकेक करून वाचायची, समजून घ्यायची आणि मग तिची नक्कल करायची, असं केलं तर काम होतं; पण पडदा रखडत सरकतो आणि लहान मूल तेवढ्यात उठून जातं. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी एका शोधनिबंधात याचे नियम मांडले. आतल्या प्रणालीला खऱ्या यंत्रावर आल्यासारखंच वागता आलं पाहिजे. यंत्राच्या साधनांवर शेवटचा ताबा बाहेरच्या प्रोग्रॅमचा, म्हणजे नियंत्रकाचा, राहिला पाहिजे. आणि बहुतेक आज्ञा मध्यस्थाशिवाय थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. नियंत्रकानं अडवायच्या त्या फक्त नाजूक आज्ञा, ज्यांच्यामुळे दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल पडू शकतं. आमच्याकडे चार भावांत एक विहीर असते तेव्हा पाळी ठरलेली असते. ज्याची पाळी त्याची मोटर, त्या वेळेपुरती विहीर पूर्ण त्याची. पण पाळीचा हिशोब कुणा एकाच्या मर्जीवर नसतो. या तंत्रात प्रोसेसर असाच वाटून घेतला जातो. आतला फोन आपल्या पाळीत पूर्ण ताकदीनं पळतो, आणि पाळी संपली की बाहेरचा संगणक आपलं काम करतो. हे इतक्या झपाट्यानं होतं की पाहणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी चाललेले दिसतात.

या तंत्राचा इतिहास वाचताना एका वर्षापाशी मी थबकलो. १९७२. त्या वर्षी आयबीएम कंपनीनं आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. त्याआधी साठच्या दशकात तिच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या केंद्रात सीपी-४० आणि सीपी-६७ या प्रयोगांतून पाया घातला गेला होता. संगणक तेव्हा खोलीभर आकाराचे आणि अफाट किमतीचे. प्रत्येकाला एक देणं शक्यच नव्हतं. म्हणून एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रं उभी केली आणि प्रत्येक माणसाला वाटेल की हे संपूर्ण यंत्र माझंच आहे, अशी व्यवस्था लावली. आमच्या घरात १९७२ म्हणजे दुष्काळाचं साल. आई अजूनही त्या सालचा लाल मिलो, सुकडी आणि खडी फोडायचं काम आठवते. महाराष्ट्रात रोजगार हमीची सुरुवात त्याच काळातली. त्या वर्षी बालाघाटावर पाण्याची आणि भाकरीची वाटणी चालली होती, आणि दूर कुठे तरी यंत्राच्या वेळेची. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. पण व्हर्च्युअलायझेशन श्रीमंतीच्या हौसेतून आलेलं नाही, टंचाईतून आलेलं आहे, हे त्या वर्षामुळे माझ्या मनात पक्कं बसलं. एक यंत्र आणि माणसं पुष्कळ, हा त्याचा मूळ प्रश्न होता. आमच्या शाळेचाही तोच आहे.

हे तंत्र मोठ्या यंत्रांवरून टेबलावर यायला बराच काळ गेला. एक्स८६ प्रोसेसरची घडण अशी होती की काही नाजूक आज्ञा नियंत्रकाला अडवताच येत नसत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीनं त्या आज्ञा चालत्या प्रोग्रॅममध्येच बदलून टाकायची युक्ती काढली आणि १९९९ मध्ये आपलं पहिलं उत्पादन आणलं. २००३ मध्ये फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरनं क्यूईएमयू हा आभासी यंत्र रचणारा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. २००५ मध्ये इंटेलनं आणि २००६ मध्ये एएमडीनं अशा आज्ञा अडवायची सोय थेट प्रोसेसरमध्येच बसवली. २००७ मध्ये ती सोय वापरणारं केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आलं. मोबाईलची ॲप संगणकावर आणणाऱ्या ब्लूस्टॅक्सची पहिली आवृत्ती २०११ मध्ये आली. ते सुरू करणाऱ्यांत रोजन शर्मा हे भारतीय अभियंते आहेत. म्हणजे आमच्या लोकवर्गणीच्या संगणकांत, ते आले त्या दिवसापासूनच, हे सामर्थ्य होतं. फक्त झोपलेलं होतं.

झोपलेलं म्हणतो ते शब्दशः. पुष्कळ संगणकांत ही सोय कारखान्यातून बंदच करून येते. संगणक सुरू होताना ठरावीक बटण दाबून बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीच्या पानावर, जावं लागतं. ते बटण कंपनीगणिक वेगळं, कुठे एफ२, कुठे एफ१०, कुठे डिलीट. निळ्या-करड्या पडद्यावर व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी नावाची ओळ शोधायची, ‘डिसेबल्ड’चं ‘एनेबल्ड’ करायचं, जतन करून बाहेर पडायचं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर ती चालू झाल्याची नोंद दिसते. एवढ्याशा बदलानं फरक काय पडतो, ते आमच्या वर्गानं डोळ्यांनी पाहिलं. आधी जे ॲप उघडताना गोल चक्र फिरत राहायचं आणि अक्षरं हिसके खात सरकायची, ते पाण्यासारखं वाहायला लागलं. एक पोरगा पडद्याजवळ येऊन निरखून बघत होता. त्यानं विचारलं, “गुरुजी, हा फोन हाय का कॉम्प्युटर?” मी सांगितलं, “बाहेरून कॉम्प्युटर, आतून फोन.” त्याला ते लगेच पटलं. लेकरांना यात काही अवघड वाटत नाही.

मेमरीचा प्रश्न होताच. चार जीबीच्या संगणकात अर्धी मेमरी आतल्या फोनला दिली की बाहेर विंडोजला श्वास घ्यायला थोडीच जागा उरते. म्हणून बाकी सगळं बंद ठेवायचं, आतल्या पडद्याचा आकार बेताचा ठेवायचा, नको ती ॲप भरायची नाहीत. जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली तर म्हाताऱ्या यंत्रालाही तरतरी येते. वीज गेली तरी काही प्रणालींत आतला फोन आहे त्या अवस्थेत गोठवून ठेवायची आणि पुन्हा तिथूनच उठवायची सोय असते. लिनक्स असलेल्या संगणकासाठी २०२१ पासून वेड्रॉइड आहे. अँड्रॉइड स्वतःच लिनक्सच्या गाभ्यावर उभं असल्यामुळे वेड्रॉइड वेगळं यंत्र न रचता तोच गाभा वापरतं आणि कमी मेमरीत भागवतं.

आमच्याकडे सगळ्यांत जास्त वापरलं गेलं ते वाचनाचं ॲप. गूगलनं २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ नावानं ते आणलं आणि २०२० मध्ये ‘रीड अलाँग’ नावानं मराठीसकट अनेक भाषांत दिलं. मूल मोठ्यानं वाचतं, ॲपमधली दिया नावाची वाचनमैत्रीण ऐकते, अडलेला शब्द सांगते, बरोबर वाचलं की शाबासकी देते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवाय चालतं, हे आमच्यासाठी फार मोलाचं. कारण रेंज डोंगराच्या एका कडेला येते आणि दुसऱ्या कडेला जाते. संगणक आम्ही तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत हलवला, कारण शाळेत शांत कोपरा तोच. हेडफोनचा माइक जोडला. आणि तिसरीतल्या, चौथीतल्या लेकरांनी वाचायला सुरुवात केली.

फोनवर वाचणारं मूल एकटं असतं. मान खाली, पडदा हातात, दुसऱ्याला काही दिसत नाही. संगणकाचा पडदा उभा असतो आणि समोर बसलेल्या सगळ्यांचा असतो. एक मूल वाचत असे आणि मागे चार-पाच जण उभे असत. शब्द चुकला की दियानं सांगायच्या आतच मागून कुणी तरी हळूच बरोबर शब्द पुरवत असे. वाचणारं मूल मागे वळून बघत असे आणि पुन्हा वाचत असे. एका माणसासाठी बनवलेलं साधन मोठ्या पडद्यावर आलं आणि चार लेकरांचं झालं. ॲप तेच, गोष्ट तीच, दिया तीच. बदलली ती बसायची पद्धत. बदल इतका मोठा होता की घरी पुस्तकाला हात न लावणारी पोरं पाळी लागावी म्हणून मधल्या सुट्टीत ताटकळत उभी राहू लागली.

दुसरा उपयोग मी ठरवून केला नव्हता. तो लेकरांनीच काढला. वसतिगृहातल्या एका मुलीनं विचारलं की यात आईचा फोन लागतो का. व्हिडिओ कॉलच्या ॲपला नोंदणीसाठी मोबाईल नंबर लागतो आणि त्या नंबरावर येणारा कोड लागतो. कोड घ्यायला स्मार्टफोन लागत नाही. तिच्या आजोबांना शाळेत बोलावलं. ते आपला बटणाचा फोन घेऊन आले, चष्मा पुसला आणि संदेशातले आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले. मुलीनं ते टाइप केले. थोड्या वेळानं पडद्यावर तिची आई आली. मागे ऊस, वर तापलेलं आभाळ, कपाळाला फडकं बांधलेलं.

“किती मोठी दिसायलीस गं,” आई म्हणाली.

मुलगी काही बोलली नाही. ती पडदा न्याहाळत होती. छोट्या फोनवर आईचा चेहरा तिनं पुष्कळदा पाहिला असेल, पण इतक्या जवळून आणि इतका मोठा कधी नाही. मग तिनं विचारलं, “आई, हाताला काय लागलंय?”

उसाचं पाचट हाताला कापतं. ते ओरखडे छोट्या पडद्यावर दिसत नाहीत. आईनं हात मागे घेतला आणि शाळेचं विचारायला लागली. आजोबा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होते. मोठा पडदा म्हणजे नुसती सोय नाही, हे मला त्या दुपारी समजलं. काही गोष्टी दिसायलाच मोठा पडदा लागतो, आणि दिसल्या की त्या मनाआड करता येत नाहीत.

या तंत्रानं कुठे थांबायचं, हेही सांगितलं पाहिजे. आतल्या फोनला जीपीएस खरं नसतं. आपण सांगू ते ठिकाण तो खरं मानतो. म्हणून जिथे ठिकाण खरं असावं लागतं तिथे तो वापरू नये. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो घ्यायचा आणि सातबाऱ्यावर नोंद करायची, अशी ती व्यवस्था. गावातल्या एका काकांनी मला विचारलं, “गुरुजी, तुमच्या कॉम्प्युटरवरच करून टाकता येतं का? ऊन लई हाय.” मी त्यांना नाही म्हणालो आणि एका पोराला फोन देऊन त्यांच्याबरोबर बांधावर पाठवलं. ज्या जिल्ह्यानं पीकविम्याला ‘बीड पॅटर्न’ हे नाव दिलं, त्यानं नोंदीची किंमत ओळखली पाहिजे. २०२० च्या खरिपात इथे राबवलेल्या ८०-११० च्या सूत्रात विमा कंपनीच्या नफ्याला मर्यादा घातली गेली आणि ठरावीक हद्दीपुढच्या भरपाईचा भार राज्यानं उचलला. अशा व्यवस्थेचा सगळा डोलारा शेतात खरोखर काय पेरलं आणि काय बुडालं, या नोंदीवर उभा असतो. ती नोंद खोलीत बसून करायची नसते. पीक पाहायला पीक असेल तिथेच जावं लागतं.

पैशांच्या व्यवहाराचंही तसंच. यूपीआयची ॲप सिमकार्ड असलेल्या फोनवरून संदेश पाठवून त्या फोनशी खातं बांधून घेतात. काही ॲप फोन खरा आहे की नाही हे तपासतात आणि आभासी फोनला दारातूनच परत पाठवतात. त्यांचं ते वागणं रास्त आहे. दहा जण वापरतात त्या संगणकावर कुणी बँकेचं ॲप उघडू नये, आधारचे तपशील भरू नयेत, कोड सांगू नयेत. व्हिडिओ कॉल झाला की आम्ही त्या नंबराची नोंदणी काढून टाकतो, कारण आजोबांचा नंबर ही आजोबांची मालमत्ता आहे. आणि आभासी फोनचा प्रोग्रॅम त्याच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवावा. पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या प्रतींत काय दडलेलं असेल, ते सांगता येत नाही.

आणखी एक मर्यादा मला जास्त बोचते. ही वाट दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. मायक्रोसॉफ्टनं २०२१ मध्ये विंडोज ११ बरोबर अँड्रॉइडची ॲप विंडोजमध्येच चालवायची सोय जाहीर केली. ती आली, लोकांनी वापरली आणि ५ मार्च २०२५ रोजी तिचा आधार काढून घेतला गेला. कंपनीच्या हिशोबात न बसणारी सोय अशीच जाते. ज्या शाळेनं आपलं वेळापत्रक तिच्यावर आखलं असेल, तिला कुणी विचारायला येत नाही.

म्हणून मी या तंत्राकडे कौतुकानं पाहतो आणि त्याच वेळी एक प्रश्नही विचारतो. संगणकाच्या पोटात फोन रचायची वेळ आपल्यावर का यावी? कारण साधन बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं की प्रत्येक माणसाच्या हातात एक चांगला फोन आहे. तसं नाही. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी कामासाठी दिलेले, सतत बंद पडणारे मोबाईल परत केले होते. जुलै २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा ते ‘नारीशक्ती दूत’ या मोबाईल ॲपवरून भरले जात. बायका घरातला फोन कुणाकडे आहे याचा शोध घेत फिरत होत्या आणि सेवा केंद्राच्या संगणकासमोर बसलेली पोरं बाजूला संगणक ठेवून हातातल्या छोट्या फोनवर नावं टाइप करत होती. पुढे संकेतस्थळ आलं आणि तेच काम कळफलकावर झपाट्यानं व्हायला लागलं. वाचनाच्या त्या ॲपचीही पुढे वेब आवृत्ती आली. म्हणजे जे आधी अशक्य वाटत होतं ते शक्यच होतं. फक्त कुणी तरी ते करायचं मनावर घ्यायला हवं होतं. दोन्ही वेळा आधी फोनवाल्यांचं दार उघडलं आणि मग बाकीच्यांचं. दार उघडेपर्यंतचे दिवस ज्यांच्याकडे काहीच नसतं त्यांना सगळ्यांत महाग पडतात.

सार्वजनिक साधन कुठल्याही पडद्यावर उघडलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. रस्ता बांधताना आपण विचारत नाही की तुझ्याकडे बैलगाडी आहे की मोटार. शाळेचा धडा, शासनाचा अर्ज, आरोग्याची माहिती यांनाही माणसाकडे कोणतं यंत्र आहे, ते विचारायचा अधिकार नसावा. जिथे जागा महत्त्वाची आहे, जसं पिकाच्या पाहणीत, तिथे फोन हवाच. जिथे खात्याची सुरक्षितता महत्त्वाची आहे तिथेही हवा. बाकी सगळीकडे संगणकाचं दार पहिल्या दिवसापासून उघडं असावं. ते उघडं नसेल तोवर व्हर्च्युअलायझेशन आपल्या हातात आहे आणि ते वापरायला लाजायचं कारण नाही.

माझ्यासारख्या शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या शाळेतला लोकवर्गणीचा संगणक जुना झाला म्हणून कपड्याखाली झाकून ठेवू नका. तो सुरू करा, बायॉसमध्ये जा, ती एक ओळ शोधा आणि चालू करा. मेमरी कमी असेल तर माजी विद्यार्थ्यांना सांगा; मेमरीची एक पट्टी फार महाग नसते आणि गावाबाहेर नोकरीला गेलेल्या पोराला शाळेसाठी काही तरी करायचंच असतं. पडदा भिंतीकडे नको, लेकरांकडे वळवा. आणि ॲप बनवणाऱ्यांना, मग ते सरकारात असोत की कंपनीत, माझी विनंती आहे. पुढचं साधन बनवण्याआधी दसरा झाल्यावर एकदा बालाघाटावरच्या गावात या. कोणत्या घरात फोन उरला आहे ते मोजा आणि मग ठरवा.